सांत्वनाला निघाले आणि दौंडला पोचले

शिरूरला मी निघाले होते ती सांत्वनाला. जानेवारीतली सकाळ होती, पुण्यात अजून धुकं होतं. पांढरा कुडता घातला, गाडी काढली आणि नगर रस्त्याला लागले. वाघोली मागे पडेपर्यंत उजाडलं. जे वाक्य मी वीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते वाटेत पुन्हा पुन्हा मनात येत होतं, आणि ज्याला म्हणायचं तो माणूस आता नव्हता.

त्या माणसाचं नाव मधुकर. सगळे त्यांना मॅक म्हणत. मुंबईतल्या एका गोव्याच्या बँडमास्तराला ‘मधुकर’ म्हणता येईना, म्हणून त्याने मॅक केलं आणि ते कायमचं चिकटलं. मॅक जॅझ ड्रमर. मी पियानो वाजवते. पुण्यातल्या एका हॉटेलात आम्ही चौघं सहा वर्षं दर शुक्रवारी-शनिवारी वाजवत होतो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण वाजवताना कधी मोठेपणा नाही. तारेचे ब्रश घेऊन ड्रमवर असे फिरवायचे, की कुणी अंगणात खराट्याने हलकं झाडतंय असं वाटावं. त्यावर माझे सूर आपोआप सरळ उभे राहायचे.

आदल्या दिवशी आमच्या जुन्या वादकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप दिसला. खाली एकापाठोपाठ एक हात जोडलेली चित्रं, ‘ओम शांती’, ‘मोठा ड्रमर गेला’. मी खालूनच वाचलं आणि फोन ठेवून दिला. मग मॅकचा नंबर लावून पाहिला, तो बंद. त्यांच्या मुलीने, सुजाताने, एकदा पाठवलेल्या पत्रिकेवर शिरूरचा पत्ता होता. तेवढा घेऊन निघाले.

कोरेगाव भीमाला कारखान्यांच्या बसगाड्या रांगेने उभ्या होत्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी डुलक्या देत चढत होती. हे गाव आलं की मला मॅकच आठवतात. एकतीस डिसेंबरला हॉटेलात पहाटेपर्यंत वाजवणं असायचं. ते संपलं की मॅक सूट उतरवायचे, पांढरा शर्ट घालायचे आणि तिथल्या स्तंभाला मानवंदना द्यायला थेट कोरेगावला जायचे. एक तारखेला कितीही मोठा कार्यक्रम आला तरी घेत नसत. मी एकदा कारण विचारलं होतं. ‘त्यो दिवस माझा हाय, हॉटेलचा न्हाई,’ एवढंच म्हणाले होते.

शिक्रापूरला नेहमीप्रमाणे ट्रकांनी रस्ता अडवला होता. थांबलेच आहे तर हार घ्यावा म्हणून खाली उतरले. फुलवाला उत्तरेकडचा होता. ‘शादी का, मॅडम?’ मी नकाराची मान हलवल्यावर त्याने न विचारता पांढऱ्या शेवंतीचा हार काढून दिला. तो मांडीवर घेऊन मी गाडीत बसले आणि तिथे पहिल्यांदा रडले. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.

शिरूरमध्ये (जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात) एसटी स्टँडच्या अलीकडे गाडी लावली. पत्त्यातली गल्ली सापडेना. एका पानटपरीवाल्याला विचारलं, ‘मधुकर सरांचं घर कुठं? ड्रम वाजवायचे ते.’

‘मधुकरआप्पा? आप्पा गेले की.’

‘हो, कळलं मला. म्हणून तर आले.’

त्याने माझ्याकडे विचित्र पाहिलं. ‘तुमाला कसं कळलं? आत्ता धा मिन्टं न्हाई झाली. सेवा केंद्रात गेलेत. हयातीचा दाखला द्यायचाय, पेन्शनीसाठी.’

मी टपरीसमोरच्या बाकावर बसले. टपरीवाल्याने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली. माझं हसणं आणि रडणं एकदमच चालू झालं आणि ते त्याला कसं समजावून सांगावं तेही कळेना.

थोड्या वेळाने मॅक रस्त्याच्या पलीकडून चालत आले. तीच सडसडीत उंची, डोक्यावर लोकरी टोपी, डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मला पाहून थबकले.

‘नंदिनी? किती पांढरी झालीस गं!’

मी काय बोलले आठवत नाही. त्यांचा चांगला हात दोन्ही हातांत धरून उभी राहिले एवढं खरं. मग त्यांचं लक्ष गाडीच्या उघड्या दाराकडे गेलं. सीटवर हार होता. त्यांनी हाराकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या कुडत्याकडे पाहिलं, आणि रस्त्यात उभे राहून खोकला येईपर्यंत हसले.

‘माझा हाय व्हय ह्यो? आन इकडं. रांगेत उभं राहून जित्ता असल्याचं लिवून दिलं, आन् तू हार घेऊन आलीस!’

घरी गेल्यावर ग्रुपवरचा निरोप वरपासून वाचला. बेस गिटार वाजवणाऱ्याला उशिरा कळलं असावं, त्याने लिहिलं होतं, ‘मॅक पडलाय, मनगट मोडलंय, देवा सांभाळ.’ त्याखाली कुणीतरी हात जोडले होते. त्याखाली दुसऱ्याने. तिसऱ्याने बहुधा नुसते हातच पाहिले. मॅक दीड महिन्यापूर्वी नळाजवळच्या ओल्या फरशीवर घसरले होते, हातातला फोन बादलीत पडला होता, म्हणून तो बंद. हार त्यांनी स्वतःच भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना मिळून घातला.

सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने मला मासवडी वाढली (नावात मासा असला तरी ही बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली वडी). सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. सकाळी साडेनऊला मी असं जेवले नव्हते, पण त्या दिवशी मला भूकच भूक लागली होती.

सुजाता मात्र अस्वस्थ होती. ‘पप्पांचं प्लास्टर आज काढायचंय, दौंडला. डॉक्टर एक वाजेपर्यंतच असतात, मग आठवडाभर नाहीत. आणि शाळेत नेमकी आजच तपासणी लागलीय.’

‘मी नेते,’ मी म्हणाले.

‘ताई, तुम्ही एवढ्या लांबून…’

‘नेऊ दे तिला,’ मॅक म्हणाले. ‘मयताला आलेल्या माणसाचा दिवस मोकळाच आसतो.’

निघताना सुजाता मला दारात बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘हाड नीट जुळलं नसलं तर ऑपरेशन म्हणालेत. या वयात. मग वाजवणं संपलंच. ते बोलत नाहीत, पण रात्रभर बोटं हलवून बघतात.’

शिरूरहून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ज्वारीचा पट्टा, कणसं भरत आलेली. मॅक खिडकीबाहेर बघत होते. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात आधीचा एक्स-रे आणि एक लांबट पाकीट. भीमेचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलो आणि गाड्या थांबलेल्या दिसल्या. उसाची ट्रॉली उलटली होती. रस्ताभर ऊस पसरला होता. ट्रॅक्टरवाला कमरेवर हात ठेवून उभा होता आणि चार-पाच बायका मोळ्या बाजूला ओढत होत्या. साडेअकरा वाजले होते.

‘किती वेळ लागेल?’ मी एकीला विचारलं.

‘आता काय सांगावं, ताई? क्रेन यील तवा.’

रस्त्याकडेला गुऱ्हाळ (उसाचा रस आटवून गूळ करण्याची जागा) होतं. मॅकना तिथे सावलीत बसवलं. गुऱ्हाळवाल्याने पानावर गरम काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) दिली. मॅक उजव्या हाताच्या बोटाने ती चाटत होते. आणि ते वाक्य, जे मी पुण्यापासून घोळवत होते, ते मी तिथे म्हटलं.

‘मॅक, त्या शुक्रवारचं मला बोलायचंय.’

त्यांनी कुठला शुक्रवार असं विचारलं नाही.

झालं होतं ते असं. हॉटेलच्या मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, की ड्रमरऐवजी तालाचं मशीन आणू, बाकीचे तिघं राहा. करार माझ्या नावावर होता. मी ‘विचार करते’ म्हणाले. तेवढंच म्हणाले, आणि मॅकना काही कळवलं नाही. शुक्रवारी मॅक सूट घालून, ब्रशांचं पाकीट काखेत घेऊन आले, तेव्हा त्यांच्या जागी टेबलावर मशीन होतं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून कागद उलटत बसले. ‘बरं,’ ते म्हणाले आणि गेले. त्यानंतर आम्ही आज भेटत होतो.

‘राग आला व्हता,’ मॅक म्हणाले. ‘म्यानेजरचा न्हाई. त्याला धंदा. तुझा आला. तू मान खाली घातलीस.’

‘हो.’

‘दोन वरसं ड्रमवर चादर टाकून ठिवली. रांजणगावला कारखान्यात स्टोअरला लागलो. इथला एक बँडवाला दोनदा घरी आला, वरातीत वाजवा म्हणाला. म्हनलं, ते आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. मग सुजातानंच चादर काढली आन् वस्तीतल्या पोरी आणून बसवल्या, शिकवा म्हनाली.’ मग त्यांनी विचारलं, ‘मशीन कसं व्हतं?’

‘कधी चुकायचं नाही.’

‘आन् सुरू कोन करायचं?’

‘मी. बटण दाबून.’

ते हसले नाहीत. मी विचारलं, ‘मला माफ कराल?’

‘त्ये आत्ता इचारू नगं. माझं सगळं ध्यान हाताकडं हाय.’

बरोबर होतं ते. क्रेनची वाट न बघता गुऱ्हाळवाल्याने आम्हाला शेताकडेची बैलगाडीची वाट दाखवली. त्या वाटेने माझी लहान गाडी दोनदा खाली घासली आणि एकदा चिखलात रुतली. गुऱ्हाळावरच्या दोघांनी ढकलून काढली, त्यातल्या एकाच्या तोंडावर चिखल उडाला तरी तो ‘जावा जावा, टाइम नका घालवू’ म्हणत राहिला. चौफुला, पाटस करत दौंडला दवाखान्यात शिरलो तेव्हा एकला सात मिनिटं कमी होती. डॉक्टर गाडीची किल्ली हातात घेऊन उभे होते.

‘काका, आज सोडूनच चाललो होतो तुम्हाला,’ ते म्हणाले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

प्लास्टर कापायच्या यंत्राचा कर्कश आवाज चालू असताना मॅक समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. आतून निघालेला हात बारीक, पांढुरका, दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसत होता. नवीन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मी मॅकच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

‘छान जुळलंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘ऑपरेशनची गरज नाही.’

मीच विचारलं, ‘ते ड्रम वाजवतात. वाजवता येईल?’

‘महिनाभर जोरात नाही. हलकं काहीही करा. उलट बोटं चालू ठेवा, नाहीतर आखडतील.’

मॅकनी पाणी मागितलं. पेला उजव्या हातात घेतला, मग मुद्दाम डाव्यात घेतला. पाणी थोडं शर्टावर सांडलं. तसाच पेला रिकामा करून खाली ठेवला आणि डॉक्टरांना हात जोडले. मी सुजाताला फोन लावला. ‘जुळलंय’ एवढं म्हटल्यावर पलीकडे मुलांचा गोंगाट, मग तिचा आवाज, ‘ताई, मी वर्गाबाहेर आलेय, परत सांगा.’ मी परत सांगितलं.

स्टेशनजवळ आम्ही ऑम्लेट-पाव खाल्लं. दौंड हे रेल्वेचंच गाव. मॅकचे वडील इथे इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, होते, आणि मॅकही सतराव्या वर्षी तिथेच शिकाऊ म्हणून लागले होते. ‘चल, शाळा दावतो माझी,’ म्हणाले आणि मला रेल्वे कॉलनीत घेऊन गेले. मोठी कडुलिंबं, कौलारू बंगले, आणि त्यांच्यामध्ये एक उंच छपराचा हॉल. पूर्वी इथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांचे शनिवारी नाच व्हायचे. आता बॅडमिंटन चालतं आणि लग्नं होतात. रखवालदाराने आधी नाही म्हटलं. मॅकनी वडिलांचं नाव आणि शेड सांगितल्यावर कुलूप काढलं. ‘धा मिन्टं फकस्त, आप्पा.’

आत लाकडी फरशी होती, तिच्यावर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा. मॅक एका टोकाला जाऊन उभे राहिले. ‘हितं ब्रायनसाहेब बसायचे. दिवसा इंजिन चालवायचे, शनवारी ड्रम. मी खुर्च्या लावायला यायचो, आन् झाल्यावर जायचोच न्हाई. एकदा त्यांनी इचारलं, काय बघतोस? मी म्हनलं, तुमचा डावा हात. मग त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेवर शिकवलं, दोन वरसं. आस्ट्रेलियाला जाताना ब्रश मला देऊन गेले.’

‘घरी काय म्हणाले?’

मग त्यांनी जे सांगितलं ते सहा वर्षं शेजारी बसून वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या हलगी वाजवण्याचं काम होतं. गावात कुणाचं लग्न असो की मयत, बोलावलं की जायचं, वाजवायचं, आणि दाराबाहेर उभं राहायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी हलगी विहिरीत टाकली आणि पुन्हा गावात वाजवायला गेले नाहीत. आणि त्यांचाच मुलगा ड्रम शिकला.

‘तीन वरसं बोलले न्हाईत माझ्याशी. मी मुंबईला पळालो. मोठ्या हॉटेलात लागलो, कोट, बूट, सगळं. एक दिवस दरवान आत येऊन म्हनाला, एक म्हातारा तुमचं नाव घेतोय, हाकलू का? मी गाणं मधीच थांबवलं. बँडमास्तर बघतच राहिला. बाहेर गेलो, बापाला पुढच्या दारानं आत आणलं, पयल्या टेबलाला बसवलं. तासभर ऐकलं त्यांनी. टाळी न्हाई, काय न्हाई. मग मला जवळ बोलावून म्हनले, हे लोक तुला मागं का बसवत्यात?’

‘मग?’

‘म्हनलं, बाबा, मागं बसतो, पर मी मोजल्याबिगर ह्यातलं कुणीच सुरू करू शकत न्हाई. तवा जरा इचार केला आन् म्हनले, मग चालंल.’

मी त्या रेघांकडे बघत उभी राहिले. त्या शुक्रवारी मी त्यांच्याकडून नक्की काय काढून घेतलं होतं ते मला तिथे, त्या हॉलमध्ये कळलं.

मॅकनी पिशवीतून लांबट पाकीट काढलं. त्यात ब्रश होते. खेळाचे गुण मांडायच्या टेबलावर त्यांनी एक्स-रेचं मोठं कागदी पाकीट पसरलं आणि खुर्ची ओढून बसले. डाव्या हातातला ब्रश पहिल्याच फेरीला निसटून खाली पडला. मी उचलायला वाकले.

‘थांब. मी घेतो.’

त्यांनी स्वतः उचलला. दुसऱ्यांदा बोटं नीट गुंडाळली, पाकिटावर हळूच टेकवली आणि फिरवली. सळ्‌, सळ्‌. फेरी वाकडी जात होती, मध्ये अडकत होती. चौथ्या-पाचव्या वेळी गोल झाली. उजवा हात आत आला. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, ‘काय बघतीस? पियानो न्हाई तर गुणगुण. वन, टू, वन टू थ्री…’

आम्ही शेवटच्या वर्षी दर वेळी वाजवायचो ती एक संथ चाल मी धरली. माझा आवाज काही गाण्याचा नाही. त्या उंच छपराखाली तो पातळ वाटत होता, पण खाली तो ब्रश चालू होता आणि मला पडू देत नव्हता. एका जागी मी चुकून लवकर वळले. मशीन असतं तर ते तसंच पुढे गेलं असतं. मॅक माझ्याबरोबर वळले.

दारातला रखवालदार म्हणाला, ‘आप्पा, ह्याचा आवाज तर येतच न्हाई.’

‘येतो की,’ मॅक म्हणाले. ‘जवळ यावं लागतं.’

तो खरंच जवळ आला. दहाची वीस मिनिटं झाली, त्याने कुलूप हातात तसंच धरून ठेवलं.

मॅक त्या रात्री दौंडला बहिणीकडे राहणार होते. तिच्या दारात गाडी थांबवली तेव्हा ते लगेच उतरले नाहीत. ‘तवा तू मला नुस्ता फोन केला आसतास,’ ते म्हणाले, ‘तर मी तुला शिव्या घातल्या आसत्या आन् सोमवारी विसरलो आसतो. माझी दोन वरसं वाचली आसती. तेवढंच हाय माझं म्हननं.’

‘चुकलं माझं.’

‘व्हय, चुकलं.’ त्यांनी डाव्या हाताने गाडीचं दार उघडून पाहिलं, उघडलं. ‘माझ्याकडं सात पोरी येत्यात, शिरूरला विहाराशेजारच्या हॉलात. सातीबी ड्रमच मागत्यात. कीबोर्ड पडून हाय, शिकवायला कोण न्हाई. रविवारी धाला. उशीर केलेला मला खपत न्हाई, तुला ठाव हाय.’

परतताना सोलापूर रस्ता धरला. यवतजवळ सूर्य उसाच्या तुऱ्यांमागे उतरत होता. चहाला थांबले, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा खांदे सैल झाल्याचं जाणवलं. मनगट जुळलं होतं, माणूस होता, आणि जे मी एका तसबिरीसमोर मनातल्या मनात म्हणून मोकळी होणार होते, ते मला त्याच्या तोंडावर म्हणावं लागलं होतं, आणि त्याचं उत्तरही ऐकावं लागलं होतं. तसबिरीने ‘व्हय, चुकलं’ म्हटलं नसतं. ते ऐकून वाईट वाटण्याऐवजी इतकं हलकं का वाटावं, याचा विचार करत मी हडपसरच्या गर्दीत शिरले. मॅकनी मला माफ केलं की नाही, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. रविवारी मात्र मी पावणेदहालाच पोचले. मॅक हॉलच्या पायरीवर बसून होते, आणि आतून सात मुलींचा दणदणाट ऐकू येत होता.